लॉरीची डावी बाजू

सायकलवरचं पोर लॉरीखाली सापडलं की बेळगावात पुढचे आठ दिवस काय होणार, हे कुणीही सांगू शकेल. गर्दी जमते, लॉरीच्या काचा फुटतात, ड्रायव्हर पळाला नसेल तर मार खातो. रास्ता रोको होतो, निवेदनं दिली जातात, चौकात बॅरिकेड लागतात. मग बॅरिकेड रस्त्याच्या कडेला सरकतात आणि रहदारी पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. या सगळ्या गडबडीत एक वाक्य हमखास कानावर येतं : "पोरानं जरा बघून चालवायला नको का?"

या वाक्याला माझा विरोध आहे. ते निर्दय आहे, पण विरोधाचं कारण तेवढंच नाही. ते चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतं आणि त्यामुळे पुढचा अपघात टाळायची वाटच बंद होते. शहरातल्या लॉरी-सायकल अपघाताचं मूळ बहुतेक वेळा लॉरीच्या डाव्या बाजूला असतं. ती बाजू ड्रायव्हरला दिसत नाही. तिथं आता क्लीनर बसत नाही. आणि तिथंच पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे माणूस सहज आत जाईल एवढी मोकळी जागा असते. ही बाजू सुधारणं हे लॉरीमालकाचं, आरटीओचं, पोलिसांचं आणि महापालिकेचं काम आहे. सायकलवाल्याला शहाणपण शिकवायची पाळी त्यानंतर येते.

सकाळी साडेनऊच्या सुमाराला गोवावेस सर्कलला थोडा वेळ उभं राहिलं तर मी काय म्हणतो ते दिसेल. खानापूर रोडवरून उद्यमबागेकडे लोखंड आणि कास्टिंगचा माल नेणाऱ्या लॉऱ्या, गोव्याच्या वाटेवरच्या लांब गाड्या, खडी-वाळूचे टिप्पर. त्यांच्यामधून शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडून येणारी शाळकरी मुलं, जनरल शिफ्टला निघालेले फौंड्रीतले कामगार, रिकामे कॅन घेऊन परतणारा दूधवाला. गाड्या तुंबल्या की लॉरी थांबते. तिला डावीकडे वळायचं असतं, पण लांब गाडी एकदम डावीकडे वळत नाही. ड्रायव्हर आधी तोंड थोडं उजवीकडे काढतो आणि मग वळण घेतो. त्यामुळे डाव्या अंगाला वाट मोकळी झाल्यासारखी दिसते. मागून आलेल्या सायकलवाल्याला वाटतं, गाडी सरळ किंवा उजवीकडे चाललीय. तो त्या मोकळ्या जागेत शिरतो. तेवढ्यात लॉरी डावीकडे वळते.

पुढची चाकं वळतात, पण मागची चाकं त्यांच्या मागोमाग त्याच रेषेवरून येत नाहीत. ती आतून, कोपरा कापत येतात. गाडी जेवढी लांब, तेवढा हा काप मोठा. सायकलवाल्याला केबिन आपल्यापासून पुरेशी दूर गेलेली दिसते, आणि लॉरीचा मागचा भाग मात्र त्याच्या अंगावर सरकत येत असतो. एका बाजूला गटाराचा कठडा, दुसऱ्या बाजूला लॉरी. हँडलचं टोक लागतं, सायकल आडवी होते. लॉरीचा वेग त्या वेळी ताशी दहा-पंधरा किलोमीटरही नसतो. म्हणून अपघातानंतर स्पीड ब्रेकर घाला म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की हा अपघात वेगानं झालाच नव्हता तर ब्रेकर काय करणार?

ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या उभ्या लॉरीत मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाहिलं. त्याच्या पोराला सायकल घेऊन डाव्या दाराशी उभं राहायला सांगितलं. पोरगा आठवीतला, उंचीला बरा. तरी मला तो दिसला नाही. दाराची काच माझ्या नजरेला अशी येत होती की पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता येत होती, पण दाराला टेकलेला मुलगा नाही. आरशात मागचा फाळका आणि रस्त्याची एक पट्टी दिसत होती. पोरगा पुढच्या चाकाजवळून मागं सरकत गेला तेव्हा डिझेलच्या टाकीपाशी आल्यावर आरशात त्याचं डोकं दिसलं. त्या लॉरीच्या पुढच्या काचेवर वरून झालर होती, खाली देवाचा फोटो आणि हार, डाव्या काचेला उन्हासाठी काळा पडदा. निपाणीकडचा ड्रायव्हर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, पूर्वी क्लीनर असायचा तवा निम्मी गाडी त्याच्यावर सोडलेली असायची. त्यानं दारावर थाप मारली की आम्ही थांबायचो. आता मालकाला दोन पगार परवडत न्हाईत."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. क्लीनरला आपण टायर बघणारा, काच पुसणारा पोऱ्या समजत आलो. खरं तर गल्लीबोळातून गाडी काढताना डावीकडे पाहणारे डोळे त्याचेच होते. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा तो माणूस भाड्याच्या स्पर्धेत गेला, आणि त्याच्या जागी ना आरसा आला ना कॅमेरा. क्लीनर परत आणा म्हटलं तर मालक ऐकणार नाहीत, हे मला कळतं. पण त्याच्या डोळ्यांची भरपाई तरी करा. डाव्या दारावर खालच्या बाजूला पाहता येईल असा बहिर्गोल आरसा, पुढच्या कोपऱ्यावर दुसरा, दाराच्या खालच्या अर्ध्या भागात काच. डाव्या बाजूचा कॅमेराही आता काही अप्रूप राहिलेलं नाही. काळे पडदे आणि झालरी तर आजच्या आज काढता येतात, त्याला एक पैसा लागत नाही.

लंडनमध्ये हाच प्रश्न आकड्यांत मांडला गेला. २०१५ ते २०१७ या काळात तिथं मेलेल्या सायकलस्वारांपैकी ६३ टक्के मृत्यूंत अवजड वाहनांचा संबंध होता, आणि शहरातल्या एकूण वाहतुकीत अशा वाहनांचा वाटा होता ४ टक्के. तिथल्या प्रशासनानं लॉरीच्या केबिनमधून थेट डोळ्यांना किती दिसतं यावर गाड्यांना शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली. १२ टनांवरच्या गाडीला परवान्याशिवाय शहरात येता येत नाही, आणि हा नियम मार्च २०२१ पासून दंडासकट लागू आहे. ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे लागतात, नाहीतर गाडीत सेन्सर, कॅमेरे बसवावे लागतात. जर्मनीत तर २०२० पासून साडेतीन टनांवरच्या गाडीनं शहरात उजवीकडे वळताना माणसाच्या चालीनं वळायचं, असा कायदाच आहे. तिथं वाहतूक उजव्या बाजूनं चालते, म्हणजे त्यांचं उजवं वळण ते आपलं डावं. बेळगावला तारे देणारी यंत्रणा उद्या उभी राहणार नाही. पण दोष गाडीत शोधायचा, ही दिशा घ्यायला काय हरकत आहे?

आणि आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. लॉरीच्या दोन्ही अंगांना, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, आडवे लोखंडी गार्ड असले पाहिजेत, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. त्यासाठी भारतीय मानक १४६८२ आहे. गार्डची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको. उद्देश साधा आहे : सायकलस्वार पडला तर बाहेरच्या बाहेर ढकलला जावा, चाकाखाली ओढला जाऊ नये. हाडं मोडतील, पण जीव राहील. आता खानापूर रोडवर उभं राहून डोळ्यांनी पाहा. कित्येक गाड्यांना एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला टूलबॉक्स आणि मधे मोकळं. काहींना गार्डच्या नावानं एकच पातळ पट्टी, तीही वाकलेली. टिप्परना तर बहुधा नाहीच, कारण खाणीत खालचं लागतं म्हणे. मग त्याच टिप्परनं शाळेच्या वेळेत शहरात यायचं कसं चालतं?

गॅरेजवाले उघड बोलतात, की गार्ड पासिंगपुरता, म्हणजे आरटीओच्या तपासणीपुरता बसतो आणि नंतर निघतो. नवी व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला यावी लागते. म्हणजे वर्षा-दोन वर्षांतला एक दिवस तपासणीचा आणि बाकीचे सगळे दिवस रस्त्याचे. त्यात आपला हा सीमाभाग. केए २२ बेळगावची, केए २३ चिक्कोडीची, एमएच ०९ कोल्हापूरची, शिवाय गोव्याच्या गाड्या. कुणाचं पासिंग इथं, कुणाचं पलीकडे. सीमा कुठून कुठं जाते यावर आपण कितीही भांडलो तरी लॉरीची चाकं दोन्हीकडे सारखीच फिरतात. म्हणून पासिंगच्या दिवशी नव्हे, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीसारख्या नाक्यांवर आणि शहराच्या तोंडाशी गार्डची तपासणी हवी. ओव्हरलोड पाहायला गाडी थांबवता, तेव्हा वाकून एकदा बाजूलाही बघा. आणि गार्ड बसवायला कुठं लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत लोखंड कापणारे आणि वेल्डिंग करणारे हात पिढ्यानपिढ्या आहेत. या गावानं देशाला पंपांचे आणि मोटारींचे सुटे भाग ओतून दिलेत, त्याला चार पाइप जोडणं जड जाऊ नये.

देशाचे आकडे पाहिले तर २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत सायकलस्वार ४,८०० हून अधिक होते. टक्केवारीत हा आकडा लहान दिसतो, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. पण हे सायकलवाले कोण आहेत? पहाटे टाइट कपडे घालून हायवेला जाणारे थोडे. बाकीचे बस परवडत नाही किंवा वेळेवर मिळत नाही म्हणून सायकलवर बसलेले. वडगाव-खासबागचा मागावरचा विणकर, कंग्राळीहून भाजी आणणारा, रात्रपाळी संपवून पेंगुळलेला फौंड्रीतला मोल्डर. आणि मुलं. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुला-मुलींना सायकली दिल्या. आमच्या खेड्यांतल्या कितीतरी मुली त्या सायकलींमुळेच शाळेत टिकल्या, आणि ती योजना मला अजूनही या राज्यातल्या चांगल्या कामांपैकी एक वाटते. पण ज्या सरकारनं सायकल हातात दिली त्यानं त्या सायकलसाठी रस्त्यात एक मीटर जागा ठेवली नाही. या लोकांची संघटना नाही, त्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर ते आपणच बोलायला हवं.

आता वेळेचा मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं ११५ वं कलम सार्वजनिक सुरक्षेसाठी ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वेळी वाहनांना मनाई करायचा अधिकार देतं. तेव्हा अधिकार नाही ही सबब चालणार नाही. पण दिवसभराची सरसकट बंदी मलाही पटत नाही. रविवार पेठेतला आणि मार्केट यार्डातला माल हमालाच्या पाठीवरून उतरतो. बारा तास गाड्या बाहेर उभ्या केल्या तर हमालाला रात्री बारा वाजता पोती उचलावी लागतील आणि त्याचा दिवसाचा रोजगार बुडेल. व्यापाऱ्याची तक्रार मी एक वेळ बाजूला ठेवीन, हमालाची ठेवणार नाही. शिवाय सरसकट बंदी पाळली जात नाही. ती पैसे घेऊन सोडायची सोय होते, आणि बंदी आहे या भरवशावर आईबाप मुलांना सोडतात, हे तर आणखी वाईट. त्यापेक्षा शाळेच्या दोन वेळा घ्या. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सहा. खानापूर रोड, जुना पी. बी. रोड, हिंडलग्याकडचा रस्ता आणि कॅम्पातले शाळांचे रस्ते, एवढ्यापुरती बंदी. चार तास पूर्ण बंद, एकाही गाडीला सूट नाही, महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीलाही नाही. लहान बंदी कडक पाळता येते.

इथं बायपासचा विषय निघतोच. गोव्याकडे जाणारी वाहतूक शहरातून जाऊ नये म्हणून हलगा-मच्छे बायपास, आणि त्याहून मोठा रिंगरोड. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातली सुपीक काळी जमीन त्यात जाते, म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं लढताहेत, कोर्टकचेऱ्या करताहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्या वादात माझी बाजू कुठलीही असो, सायकलवरच्या मुलाचा जीव त्या निकालावर टांगून ठेवायचं कारण नाही. "बायपास झाला की प्रश्न सुटेल" असं म्हणणारे अधिकारी आणि पुढारी मला दोन्हीकडून अन्याय करणारे वाटतात : इकडे शेतकऱ्याला शहराचा वैरी ठरवायचं, तिकडे मुलांना थांबायला सांगायचं. बायपास झाला तरी उद्यमबागेचा माल, बांधकामाची खडी आणि बाजारातलं धान्य शहरात येणारच आहे.

रस्त्याची डावी कड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण थोडक्यात सांगतो. आपल्याकडे पावसाळा चार महिने धो धो. कडेला खड्डे, त्यात पाणी, बाजूला केबलसाठी खणून तशीच टाकलेली माती, त्यावर उभी केलेली कार. सायकलवाला उजवीकडे सरकतो तो हौसेनं नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्ता ठरलेल्या मानकांप्रमाणे न बांधल्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर रस्ता करणारी यंत्रणा आणि ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या अपघातानंतर ड्रायव्हरबरोबर ठेकेदाराचंही नाव फिर्यादीत घाला म्हणून आपल्या वकिलांनी आग्रह धरला, तर कडेची माती दोन दिवसांत उचलली जाईल याची मला खात्री आहे.

शिक्षा वाढवून काय होतं तेही आपण पाहिलं. नव्या न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आधी ती दोन वर्षं होती. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांचं कलम आलं, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी चाक थांबवलं आणि सरकारला ते पोटकलम लागू न करता बाजूला ठेवावं लागलं. ज्याला डावीकडचं दिसतच नाही त्याला दहा वर्षांची भीती घातली म्हणून दिसायला लागणार नाही. जमावाच्या मारानं तर उलटंच होतं. ड्रायव्हर थांबत नाही, आणि जखमीला उचलून नेणारा पहिला माणूस निघून जातो.

निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी भागात चित्र थोडं वेगळं आहे. तिथं हंगामात लॉरीबरोबर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना हातभर बाहेर. दिवे नाहीत, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्याखाली झाकलेला, टेपवरच्या गाण्यांचा आवाज एवढा मोठा की मागची घंटा ऐकू येणं शक्य नाही. थंडीत दिवस लवकर मावळतो आणि क्लास सुटलेली मुलं त्याच रस्त्यानं घरी जातात. इथं कारखाने हात वर करू शकत नाहीत. ऊस त्यांच्या गेटवर येतो, वजन त्यांच्या काट्यावर होतं, वाहतुकीचा करार तेच करतात. मागच्या ट्रॉलीला चालू दिवा आणि कापडी रिफ्लेक्टर नसेल तर काट्यावर घेणार नाही, एवढं कारखान्यानं ठरवलं तर पोलिसांना वर्षभरात जमलं नाही ते आठवड्यात होईल.

मुलांना काहीच शिकवू नये असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये शाळेच्या पटांगणात लॉरी आणून उभी करतात आणि मुलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून दाखवतात, की खाली उभे असलेले तुमचे मित्र तुम्हाला दिसत नाहीत. आपल्या मराठी शाळांना हे अवघड आहे का? प्रत्येक शाळेत एखादा तरी पालक ड्रायव्हर किंवा ट्रान्सपोर्टवाला असतो. एका शनिवारी त्याची गाडी पटांगणात आणावी, सर-बाईंनी मुलांना एकेक करून वर चढवावं. "लॉरीच्या डावीकडून घुसू नकोस" हे दहा वेळा ऐकून जे कळत नाही ते त्या सीटवर बसल्यावर कळतं. मात्र त्याच दिवशी त्या पालकानंही गाडीला आरसा बसवावा.

सुरुवात कुणी करायची हा प्रश्न उरतो, आणि त्याचं माझं उत्तर महापालिका हे आहे. शहरात फिरणाऱ्या कितीतरी अवजड गाड्या सार्वजनिक पैशावर चालतात. कचऱ्याचे टिप्पर, पाण्याचे टँकर, रस्त्यांच्या कामावरची खडी, ड्रेनेजच्या पाइपांची वाहतूक. लंडनच्या नव्या भूमिगत रेल्वेच्या कामात ठेकेदारांच्या लॉऱ्यांना जादा आरसे, बाजूचे गार्ड आणि ड्रायव्हरांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्याच धर्तीवर बेळगाव महापालिकेनं आपल्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी : दोन्ही बाजूंना मानकाप्रमाणे गार्ड, डाव्या दाराला खालचं दाखवणारा आरसा, काचेवर पडदा नाही, शहरात चालवताना डाव्या बाजूला माणूस किंवा कॅमेरा. अट मोडली तर त्या फेरीचं बिल नाही. याची सुरुवात सभागृहातल्या एका ठरावानं करता येते. सभागृहात आपल्या वॉर्डांतून निवडून गेलेले नगरसेवक बसलेले आहेत, मराठीही आणि कन्नडही. येत्या सभेत हा ठराव कोण मांडतो, हे त्यांना नाव घेऊन विचारलं पाहिजे.